परदेशातून मोजक्या सुट्टीत घरी: वेळ कोणाला द्यावा आणि कसा?

दूरदेशी (प्रश्न)

नमस्कार. काही वर्षांच्या खंडानंतर येत्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी, तीनेक आठवड्यांसाठी घरी जाणार आहोत. तिकिटे काढल्याचे कळल्यापासून आईच्या फोनवरच्या बोलण्यात एक यादी वाढत चालली आहे. तिच्या मते मोठ्या आत्यांकडे एक रात्र तरी राहायलाच हवे, दोन्ही मामांकडे एकाच दिवशी गेलो तर दोघांनाही ती धावती भेट वाटेल, आणि बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काही जण 'ती आली की कळवा' असे केव्हाचे सांगून बसले आहेत. सासरची यादी वेगळी आहे आणि तीही काही लहान नाही. शिवाय शाळेतल्या मैत्रिणी, महाविद्यालयातले मित्र आणि पहिल्या नोकरीतले सहकारी अशा तिन्ही गटांना स्वतंत्र भेट हवी आहे, कारण एका गटाला दुसऱ्यात काडीचा रस नाही, आणि ते रास्तही आहे.

मागच्या खेपेला आम्ही कोणालाही नाही म्हटले नव्हते. रोज कोणाच्या तरी घरी बसायचे, तेच प्रश्न ऐकायचे आणि तीच उत्तरे द्यायची, असे दिवस कसे संपले ते कळलेही नाही. निघायच्या आदल्या रात्री मी बॅगा भरत असताना बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जरा बोलायचं होतं, पण असू दे, फोनवर बोलू." काय बोलायचे होते ते त्यांनी फोनवर आजतागायत सांगितलेले नाही.

आई-बाबा माझ्या भावाकडे राहतात आणि आम्हीही तिथेच उतरणार आहोत. भेटींची निवड कशाच्या आधारे करावी, ज्यांना वेळ देता येणार नाही त्यांना न दुखावता ते कसे सांगावे, आणि पोहोचल्यावर सुरुवातीचे किती दिवस मोकळे ठेवणे शहाणपणाचे ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

सावकाश

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे आणि तरीही बहुतेक जण तिथेच गडबडतात. शरीरातले घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास एवढेच सरकते, त्यामुळे सात-आठ तासांचा फरक पूर्ण भरून निघायला जवळपास आठवडा जातो. बहुतेकांच्या या आतल्या घड्याळाचा फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून दिवस लांबवणे शरीराला जमते, आखूड करणे जड जाते, आणि त्यामुळेच पूर्वेकडच्या प्रवासानंतर त्रास अधिक होतो. (हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले होते.) घड्याळ सरकवण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे उजेड. मात्र पूर्वेकडे बरेच तास ओलांडून गेल्यावर पहिल्याच पहाटे बाहेर उजेडात जाऊन उभे राहू नये, कारण शरीराच्या हिशेबाने ती अजून मध्यरात्र असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळाला उलट्या दिशेने ढकलू शकतो. पहिले एक-दोन दिवस सकाळ घरात काढून नंतर बाहेर पडणे बरे. लहान मुलीला घेऊन पहिल्या तीन-चार दिवसांत कोणाकडेही जाऊ नका आणि कोणाला बोलावूही नका. त्या दिवसांत आई-बाबांशी जे काही बोलणे होईल तेवढेच पुरे.

आता निवडीबद्दल. ऑक्सफर्ड विद्यापीठातले उत्क्रांती-मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांचे नाव १५० या आकड्यामुळे सर्वांना माहीत असते. माणूस सुमारे १५० जणांशीच खरे संबंध राखू शकतो हा त्यांचा दावा वादग्रस्त आहे आणि तो वाद इथे नको. त्यांच्या मांडणीतला दुसरा भाग मात्र तुमच्या कामाचा आहे. माणूस आपल्या एकूण सामाजिक वेळापैकी साधारण ४० टक्के वेळ सर्वांत जवळच्या पाच जणांना आणि आणखी २० टक्के त्यापुढच्या दहा जणांना देतो, असे त्यांच्या गटाच्या अभ्यासातून दिसले. सुट्टीवर आलेला माणूस याच्या बरोबर उलटे वागतो. जवळचे पाच जण घरातच आहेत, ते कुठे जात नाहीत, अशा समजुतीत तो सगळा वेळ परिघावरच्या मंडळींना वाटून टाकतो. आधी ते पाच जण कोण हे नवरा-बायकोने मिळून ठरवा, त्यांचे दिवस दिनदर्शिकेत पक्के करा, आणि उरलेल्या जागेत बाकीची यादी बसेल तेवढी बसवा.

घरचीच

मी या प्रश्नाच्या पलीकडच्या काठावर राहते. माझा धाकटा भाऊ परदेशात आहे, आई-बाबा माझ्याकडे असतात, आणि तो दर काही वर्षांनी सहकुटुंब येतो तेव्हा मला खरोखरच आनंद होतो. तरीही तुमच्या प्रश्नात भावाचा उल्लेख एका वाक्यापुरता आला आहे आणि वहिनीचा अजिबात नाही, हे मला खटकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावाच्या बॅगा दिवाणखान्यात उघडतात आणि तो जाईपर्यंत तशाच उघड्या राहतात, कारण त्या ठेवायला दुसरी जागाच नसते. माझ्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर चार फोन, एक टॅब आणि वेगवेगळ्या खुंट्यांचे प्लग यांचा गुंता पसरतो. त्याने वह्या उचलून आमच्या पलंगावर नेलेल्या असतात आणि परीक्षा असली तरी तो काही बोलत नाही, कारण मामा आलेला असतो. दिवसातून तीन-चारदा दारावरची घंटा वाजते. आलेला प्रत्येक जण भावाला भेटायला येतो, पण पाणी पुढे करणे, खुर्च्या सरकवणे, 'जेवूनच जा' असा आग्रह करणे आणि नंतर तो निभावणे हे सगळे माझ्याकडे असते. माझी त्या काळात सुट्टी नसते. बाबांची रात्री नऊची गोळी, जी एरवी कधी चुकत नाही, ती त्या दिवसांत साडेदहाला घेतली जाते, कारण नऊ वाजता बाबा पाहुण्यांमध्ये रंगलेले असतात आणि त्यांना उठवायला गेले की मीच रसभंग करणारी ठरते. भाऊ गेल्यावर आई दोन दिवस झोपून असते. फोनवर मात्र ती त्याला हेच सांगते की घर किती भरल्यासारखे वाटत होते. तेही खरेच असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की भेटींचे वेळापत्रक आईशी ठरवण्याआधी भावाशी आणि वहिनीशी बोला. आईशी बोललात की यादी मिळेल, त्यांच्याशी बोललात की घर कसे चालते ते कळेल. मुलांच्या परीक्षा केव्हा आहेत, वहिनीला कामावरून कधी उसंत मिळते, बाबांना रुग्णालयात कधी न्यायचे असते, हे समजून घ्या आणि मगच लोकांना तारखा द्या. वीस-पंचवीस जणांना एकदम भेटायचे असेल तर घराबाहेरची जागा घ्या आणि तिथली सगळी व्यवस्था तुम्ही दोघांनी पाहा. मुख्य म्हणजे त्यांचा दिवस जसा असतो तसाच चालू द्या आणि त्यात तुम्ही शिरा. आईबरोबर बँकेत जा, बाबांबरोबर त्यांच्या ठरलेल्या फेरफटक्याला जा, भाचरांना शाळेतून आणा. समोर बसवून 'बाबा, तुम्हाला काय बोलायचे होते?' असे विचारले तर बहुतेक वडील 'काही नाही गं' एवढेच म्हणतील. पण रोज त्यांच्यासोबत चालायला गेलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपणहून बोलू लागतील. माझ्या भावाला बाबांच्या मनातले जे काही कळले आहे ते सारे अशाच फिरण्यात कळलेले आहे.

आणखी एक सुचवते. तुम्ही तिथे असताना भावाला आणि वहिनीला काही दिवस बाहेर जाऊ द्या. आई-बाबांना घरात एकटे सोडता येत नाही म्हणून किती वर्षांत त्यांना कुठे जाता आले नसेल, ते एकदा विचारून पाहा.

पायरी

'घरचीच' यांचा शब्दन् शब्द पटला. 'सावकाश' यांच्या पाच आणि दहाच्या हिशेबाशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. समवयस्कांच्या बाबतीत तो ठीक आहे, कारण त्यांची भेट या वेळी हुकली तर पुढच्या वेळी होईल असे धरून चालता येते. मोठ्या आत्यांच्या बाबतीत तसे धरता येत नाही. त्या तुमच्या जवळच्या पाचांत नसतील, कदाचित तुमच्याकडे बोलायला फारसे विषयही नसतील, पण तिथे बोलणे महत्त्वाचे नसतेच. तुम्ही आलात, मुलीला पुढे केलेत आणि त्यांनी तिला जवळ घेऊन न्याहाळले, एवढ्यासाठी ती भेट असते. ऐंशीच्या पुढची माणसे, आजारी माणसे आणि तुम्ही परदेशात असताना ज्यांच्या घरी कोणी वारले अशी माणसे, या तिघांना मी यादीत सर्वांत वर ठेवतो, मग नाते कितीही लांबचे असो. शोक झालेल्या घरी फोनवर बोललेले पुरेसे होत नाही. अशा भेटीला तासभर पुरतो. मात्र किती वाजता निघायचे आहे ते आत गेल्या गेल्याच सांगावे, म्हणजे उठताना ओढाताण होत नाही.

नकाराबद्दल थोडे. तो आईच्या तोंडून जाऊ देऊ नका. तुम्ही परत गेल्यावर त्याच लोकांमध्ये वर्षभर वावरायचे आहे ते आईला, आणि 'मुलगी आली पण आमच्याकडे नाही आली' हे ऐकून घ्यायचे आहे तेही तिलाच. जमणार नाही असे ज्यांना सांगायचे आहे त्यांना निघण्याआधी, तिकडूनच, स्वतः फोन करा आणि कारणांची लांबण लावू नका. 'या वेळी आई-बाबांजवळ राहायचे ठरवले आहे' हे कोणालाही समजते. तारीख द्यायची नसेल तर 'बघू, जमवू' असे चुकूनही म्हणू नका. त्या दोन शब्दांवर माणसे दिवस अडवून बसतात.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. 'घरचीच', तुमचे उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. भावाला आजच फोन करते.

आणखी एक विचारायचे राहिले. मित्रमैत्रिणींच्या बाबतीत मला भेटीची जितकी ओढ आहे तितकीच धास्तीही आहे. पहिला अर्धा तास आठवणींत छान जातो, मग ते त्यांच्या रोजच्या विषयांकडे वळतात आणि त्यातली अर्धी नावे मला ठाऊक नसतात. मी माझ्याकडचे काही सांगू लागले की ते तुलना केल्यासारखे किंवा मिरवल्यासारखे वाटेल, अशी शंका येऊन मी मध्येच थांबते. हे सर्वांचेच होते का?

वाटसरू

होते, आणि त्याचा अभ्यासही जुना आहे. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ हे स्वतः ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेत गेले होते. त्यांनी १९४५ साली, युद्धावरून परतणारे सैनिक डोळ्यांपुढे ठेवून, घरी परतणाऱ्या माणसाविषयी एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की परक्या गावी जाणाऱ्याला सगळे अनोळखी असणार याची कल्पना असते आणि तो तयारीने जातो. घरी परतणारा मात्र सगळे ओळखीचेच असणार असे गृहीत धरतो आणि म्हणून अधिक गोंधळतो. मधल्या काळात तोही बदललेला असतो आणि त्याची वाट पाहणारेही, पण दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या जुन्या रूपाशीच बोलत राहतात. पुढे १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या दांपत्याने, परदेशी शिकून किंवा शिकवून मायदेशी परतलेल्यांच्या अभ्यासातून, परतल्यावरही रुळण्याचा चढउतार नव्याने सुरू होतो अशी मांडणी केली. अर्थात ती कायमचे परतलेल्यांसाठी आहे. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला ती तंतोतंत लावू नये, कारण पाहुण्याच्या वाट्याला बहुधा फक्त पहिला चढ येतो आणि उतार लागायच्या आत त्याचे विमान सुटलेले असते.

व्यवहारात उपयोगी पडते ते असे. गटाची भेट आणि मैत्रीची भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा जण एकत्र जमले की आठवणी, थट्टा आणि छायाचित्रे यापलीकडे फारसे काही होत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही, म्हणून प्रत्येक गटासाठी एक संध्याकाळ ठेवा आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा करा. ज्या एक-दोन मैत्रिणींशी खरोखर बोलायचे आहे त्यांच्याकडे गटाबाहेर, त्यांच्या एखाद्या कामाच्या निमित्ताने जा. एकीला घर बदलायचे असेल, दुसरीला आईला डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर सोबत चला. समोरासमोर बसून 'आणि बाकी काय?' असे एकमेकींना विचारत राहण्यापेक्षा हातात काम असताना बोलणे सहज होते. जी नावे ठाऊक नाहीत ती कोणाची ते सरळ विचारा. ज्याच्याकडे परत येऊन कोणी त्याच्या आयुष्यातली नवी माणसे समजून घेऊ पाहतो, त्याला ते आवडते. स्वतःकडचे सांगताना कौतुकाच्या गोष्टींबरोबर अडचणीही सांगाव्यात. परदेशी राहणाऱ्याची तक्रार ऐकली की ऐकणाऱ्यालाही मोकळेपणा येतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

टिपण

भावनांचा भाग वर पुरेसा आला आहे, म्हणून मी कामाचे लिहितो.

आधी मुलीबद्दल. आपल्याच घरी जात आहोत या विश्वासापायी लोक प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेत नाहीत, आणि प्रवाशांच्या आरोग्यावर काम करणारे तज्ज्ञ नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना पर्यटकांपेक्षा अधिक जोखमीचा गट मानतात, त्यामागे हेही एक कारण आहे. लहानपणी एखाद्या प्रदेशात राहिल्यामुळे मलेरियाविरुद्ध अंगी आलेली अंशतः प्रतिकारशक्ती बाहेर काही वर्षे राहिल्यावर ओसरते, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांकडे ती मुळातच नसते. तुम्ही जात आहात त्या भागात लशी किंवा प्रतिबंधक गोळ्या लागतात का, हे निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी विचारून घ्या. मुलीचे पारपत्रही तपासा. अनेक देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात, आणि बऱ्याच ठिकाणी मुलांचे पारपत्र मोठ्यांपेक्षा कमी काळासाठी दिलेले असल्याने ते नकळत संपत आलेले असते. परत येण्याच्या परवान्याची तारीखही त्याच वेळी पाहून ठेवा.

आई-बाबांच्या बाबतीत एक दुपार कपाट आणि कागद यांसाठी राखून ठेवा, आणि ती भाऊ घरी असताना ठेवा, नाहीतर परदेशातून येऊन तपासणी चालवली आहे असे त्याला वाटेल. औषधांचा डबा उघडून प्रत्येक पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचा. दोन डॉक्टरांनी दिलेली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटे आत एकच औषध असलेली निघतात, आणि घरातले रोज पाहणारे डोळे नावांना सरावलेले असल्याने ते त्यांच्या लक्षात येत नाही. तसे काही दिसले तर स्वतः गोळी बंद करू नका, यादी करून डॉक्टरांना दाखवा. न्हाणीघरात आधाराला दांडी आहे का आणि रात्री तिथवर जाण्याच्या वाटेवर दिवा आहे का ते पाहा. अपघाती इजांमुळे जगभर होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडणे हेच येते, आणि त्यात साठीपुढची माणसे सर्वाधिक असतात. कुलमुखत्यारपत्र केलेले असेल तर त्यातला मजकूर वकिलाकडून तपासून घ्या, कारण अनेक देशांच्या कायद्यात साधे कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेल्यावर निरुपयोगी ठरते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी हाती काही उरत नाही.

बाबांना जे बोलायचे होते ते यांपैकीच काही असण्याची शक्यता मी धरून चालेन. 'घरचीच' यांनी सांगितलेला फेरफटका पहिल्या आठवड्यातच सुरू करा, म्हणजे जे कळेल त्यावर काही करायला दिवस शिल्लक राहतील.

दूरदेशी

भावाशी आणि वहिनीशी बोलणे झाले. आधी दोघेही 'तुम्ही फक्त या, बाकी काही बघू नका' असेच म्हणत राहिले. मग मी बाहेर जाण्याबद्दल विचारले तेव्हा वहिनी थोडी थांबली आणि म्हणाली की तिच्या बहिणीकडे तिला चार दिवस जायचे आहे, पण आजवर विषय काढला नव्हता. दुसऱ्या आठवड्यातले ते चार दिवस आता त्यांचे आहेत आणि घर आमच्याकडे. त्यामुळे महाविद्यालयातल्या मित्रांची संध्याकाळ तिसऱ्या आठवड्यात ढकलली आणि सर्वांना आजच तसे कळवले. दोघांनी नाराजी दाखवली, बाकीच्यांनी तारीख मान्य केली. मोठ्या आत्यांकडे राहायला जाण्याऐवजी एक संपूर्ण सकाळ जायचे ठरले आहे. आईने यादीतली सहा नावे स्वतःहून खोडली, फक्त बाबांच्या सहकाऱ्यांवर ती अडून आहे.

घरचीच

सहकाऱ्यांना बाबांच्या फेरफटक्याच्या वेळी वाटेत भेटायला बोलावता येईल, बाबांनाही ते आवडेल. आणि वहिनी निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर एक पूर्ण दिवस घरात वावरा: गोळ्यांच्या वेळा, गॅसचा कोणता खटका नीट बंद होत नाही, रात्री आईला कितीदा उठावे लागते, शेजारी कोणाकडे जादा किल्ली असते, हे सगळे तिच्याकडून लिहून घ्या. विचारले नाही तर ती सांगणार नाही आणि मग चारही दिवस तिचा फोन वाजत राहील.